म्हणे, मनावर घेतलं की सुटते!

एप्रिल 2021. करोनाची दुसरी लाट, ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध, दारूची दुकानं बंद. यवतमाळ जिल्ह्यात वणीला, दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण पाठोपाठ दगावले. वणीच्या पुढे, आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मुकुटबन लागतं. झरी जामणी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. कापूस आणि कोळसा पूर्वीपासूनचा, सिमेंटचा कारखाना अलीकडचा. अशा गावांत वणीची बातमी पोचते तेव्हा निकालही सोबतच पोचतो: ‘हात धुवायचं पिऊन मेले. एवढी काय ती तलफ? चार दिवस दम निघत नव्हता?’

या निकालामागे एक पक्कं तत्त्वज्ञान आहे. ते सरपंचाच्या ओसरीवर ऐकू येतं, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकू येतं, आणि खेदाची गोष्ट म्हणजे कधीकधी दवाखान्यातल्या खुर्चीतूनही ऐकू येतं. थोडक्यात ते असं: व्यसन म्हणजे माजलेली हौस. शरीराला अन्न-पाणी लागतं, दारू लागत नाही. बाकी सगळे मनाचे चोचले. ज्याच्यात पाणी आहे तो एका दिवसात सोडतो, ज्याच्यात नाही तो कारणं सांगतो. त्याला आजार म्हणणं म्हणजे बेवड्याच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी देणं. तेव्हा उपाय एकच, मनावर घे. नाहीच घेतलं तर बायकोनं धाक दाखवावा, भावांनी खोलीत कोंडावं, देवापुढे उभं करून शपथ घ्यायला लावावी.

ऐकायला किती मर्दानी वाटतं! खर्च शून्य, औषध शून्य, आणि फसलं तर दोष पुन्हा रोग्याचाच.

आता हा सल्ला तंतोतंत पाळणाऱ्या माणसाचं काय होतं ते पाहू. गेली दहा-बारा वर्षं रोज पिणारा, अलीकडे उठल्या उठल्या ‘सकाळची’ लागणारा एक शेतमजूर धरा. पोळ्याच्या दिवशी त्यानं खरोखरच मनावर घेतलं. बैलांसमोर शपथ घेतली, थेंब शिवला नाही. संध्याकाळपर्यंत हाताला कंप सुटतो. कपातला चहा बशीत सांडतो, बशीतला अंगावर. घाम, मळमळ, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहिल्या दोन दिवसांत कधीही फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम सुरू होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो, अंगावरची चादर तो सापासारखी झटकतो. घरचे म्हणतात बाधा झाली, आणि भगताला बोलावणं जातं. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि तिच्यात माणूस मरू शकतो. गर्द सोडतानाची उतरण अत्यंत हालाची, पण एरवी धडधाकट माणसाचा जीव ती सहसा घेत नाही. दारूची घेऊ शकते. म्हणजे ‘मनावर घे’वाल्यांचं ज्यानं ऐकलं, सर्वांत जास्त धोका त्यालाच. ज्यानं नाही ऐकलं तो निदान त्या रात्री तरी वाचला.

असं का व्हावं? मेंदूत चेतापेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याचा दाबते. म्हणून पहिल्या पव्व्याला माणूस सैलावतो. पण मेंदू आपला तोल सोडत नाही. ब्रेकवर सतत कुणाचा तरी पाय असेल तर गाडी चालती ठेवायला ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो, तसा तो वर्षानुवर्षं चेतवणारी बाजू वाढवत नेतो. एका सकाळी निर्धारानं ब्रेकवरचा पाय काढला, की गाडी उधळते. ती उधळण म्हणजेच कंप, फिट, भ्रम. यात चारित्र्य कुठे आलं? गाबाला शपथ ऐकू येते काय?

याचा इलाज महागडा नाही, गूढही नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काही दिवस देऊन हळूहळू कमी करत बंद करायच्या. सोबत थायामिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व. हे ब1 दिसतं तेवढं किरकोळ नाही. रोज पिणाऱ्याच्या अंगात त्याचा खडखडाट असतो. अशक्तपणा आला म्हणून अशा माणसाला नुसती ग्लुकोजची सलाईन लावली, ब1 दिलं नाही, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. खेड्यापाड्यांत ‘एक सलाईन लावून द्या’ ही फर्माईश किती सहज होते हे सांगायला नको.

‘बरं, शरीराचं मानलं,’ तत्त्वज्ञानी एक पाऊल मागे घेतो, ‘पण सुरुवात तर मनापासूनच ना? मनात नसेल तर शरीर काय करणार?’ त्याचं उत्तर द्यायला सीमेपलीकडे तेलंगणात जावं लागतं. तिथे ताडीत डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची औषधं मिसळण्याचा धंदा अनेक वर्षं चालत आलेला. 2015 साली सरकारनं भेसळीवर बडगा उगारला आणि निजामाबादसारख्या जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत ताडी पिणाऱ्यांची रीघ लागली. कुणाला फिट, कुणाला भ्रम, कुणाची असंबद्ध बडबड. ही माणसं आपल्या समजुतीप्रमाणे ताडी पीत होती. अल्प्राझोलामची हौस त्यांना कशी असेल? त्यातल्या कित्येकांनी ते नावही ऐकलं नसेल. मनाला ज्याचा पत्ता नव्हता त्याची शरीराला सवय लागली, आणि ते मिळेनासं होताच शरीर कोसळलं. मनाचे चोचले म्हणायचे ते कुठले?

पण म्हणून मन यातून बाहेर काढावं असंही नाही. चूक आहे ती दोघांत भिंत घालण्याची. 1982 साली शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग या भिंतीला पुरून उरतो. उंदरांना एका ठरावीक खोलीत दिवसाआड हेरॉइन देऊन त्याची सवय लावली. मग एक मोठा, मारक ठरावा असा डोस दिला. काहींना नेहमीच्या खोलीत, काहींना दुसऱ्याच जागी. नेहमीच्या जागी सुमारे 32 टक्के मेले, नव्या जागी 64 टक्के. औषध तेच, मात्रा तीच, बदलली ती खोली. खोली पाहूनच शरीर आधी तयारीला लागत होतं. ती तयारी मनाची म्हणायची की शरीराची? ज्यांना या दोहोंचे सातबारे वेगळे काढायचे आहेत त्यांनी काढून दाखवावेत.

हीच खोली मुकुटबनमध्ये पानठेला होते, भट्टीकडे वळणारी पायवाट होते, आठवडी बाजाराच्या दिवशी हातात आलेला मजुरीचा पैसा होते. महिनाभर कोरडा राहिलेला माणूस त्या वळणावर आला, ओळखीच्या माणसानं हाक मारली, की तोंडाला पाणी सुटतं आणि छाती धडधडू लागते. विचार करायला डोकं नंतर पोचतं. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘पाहा, पुन्हा गेला, लाज नाही.’

या वळणावरच्या पानठेल्यापाशी जरा थांबायला हवं, कारण मनोबलावरची सर्वांत जोरकस व्याख्यानं इथेच झडतात. ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारीचा भुगा टाकतो, वर तंबाखू, वर चुना. पन्नी दुमडून दोन्ही तळहातांनी ती फळीवर घोटत राहतो. चुना जिरला, सुपारी ओलसर झाली, की खर्रा तयार. समोरचा गृहस्थ त्यातली चिमूट गालात सरकवतो, मान वर करून लाळ सावरतो आणि झिंगत चाललेल्या दारुड्याकडे बोट दाखवत बोबड्या आवाजात म्हणतो, ‘माणसात दम पाहिजे, दम!’

दमाचंच म्हणायचं तर या गृहस्थांना एवढंच विचारावं: सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती मिनिटांत लागते? निकोटीनची गुलामी मोजायला डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यातला हा अगदी महत्त्वाचा. डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांच्या आत लागत असेल, तर दमाची चर्चा तिथेच संपते. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून दर दोन तासांनी खिशातली पन्नी आठवते. त्या आठवणीचा संबंध तत्त्वनिष्ठेशी नसून यकृताच्या वेगाशी आहे. खर्रा झिंगवत नाही, बायकोला मारायला लावत नाही, म्हणून तो ‘व्यसनात मोडत नाही’ असा विदर्भातला सर्वमान्य समज आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास चारातला एक, धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. उघडलेल्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील, तर व्याख्यान आवरून दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ झालेली असते. दम असलेली किती माणसं ही तपासणी करून घेतात?

आता आजोबांकडे. प्रत्येक गावात एक आजोबा असतात, ज्यांनी एका दिवसात सोडली आणि पुन्हा शिवली नाही. पंढरीला गेले, गळ्यात माळ घातली, संपलं. हे आजोबा खरे असतात, त्यांचा आदर ठेवून विचारावं लागेल की त्यांच्याबरोबर पिणारे बाकीचे कुठे आहेत? जे जगले ते ओट्यावर बसून गोष्ट सांगतात. जे फिट येऊन किंवा यकृत सुजून गेले ते सांगायला येत नाहीत. शिवाय माळेनं काय केलं ते नीट पाहिलं तर ‘मनावर घे’चा मुद्दा उलटाच पडतो. माळ घातली की संगत बदलते. संध्याकाळी भट्टीच्या वेळेला हरिपाठ असतो. वर्षातून एकदा वारी, पंधरवड्याला एकादशी, आणि पाऊल घसरलं तर टोकणारे दहा जण. एवढं सगळं भोवती उभं राहिल्यावर जे सुटलं त्याचं श्रेय एकट्या मनाला कसं द्यायचं?

‘मी श्रावण कडक पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही’ हाही एक आवडता पुरावा. महिनाभर थांबता येतं म्हणजे शरीर अजून पुरतं अडकलेलं नाही, एवढंच फार तर सिद्ध होतं. पण श्रावण संपायला किती दिवस उरले हे ज्याला पंचांग न पाहता सांगता येतं, त्यानं निर्धास्त राहू नये.

मग येतो संस्कारांचा मुद्दा: घरातलं वळण बिघडलं म्हणून मुलगा बिघडला. डोनाल्ड गुडविन यांनी 1973 साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतर काही आठवड्यांतच आईबापांपासून दुरावलेली आणि परक्या घरी वाढलेली ही मुलं. ज्यांच्या जन्मदात्या आई किंवा बापाला दारूचं व्यसन होतं त्यांच्यातले 18 टक्के पुढे व्यसनी झाले. इतरांतले 5 टक्के. वळण दुसऱ्याच घराचं, तरी फरक साडेतीन पटींहून अधिक. पुढच्या अभ्यासांतूनही दारूच्या व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचं दिसत आलं आहे. उरलेला निम्मा वय, घर, गाव, पैसा, दुःख, दुकान यांत वाटला जातो. इच्छाशक्ती यात कुठेतरी आहेच, पण सगळा बोजा तिच्याच डोक्यावर का?

आणि तिच्या वाटणीचा बोजा हमखास घरच्या बाईवर येऊन पडतो. ‘तिनं नीट सांभाळलं असतं तर प्यायला नसता.’ मजुरीचे पैसे ती लपवते तेव्हा कजाग, देते तेव्हा लाडावणारी. मग भिंतीवरच्या जाहिराती तिला बोलावतात: ‘रोग्याच्या नकळत दारू सोडवा’. 1948 साली डेन्मार्कमध्ये पुढे आलेलं डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करून द्यायचं असतं, कारण त्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, रक्तदाब घसरतो, प्रसंगी जिवावर बेतते. असलं औषध वरणात कालवलं गेलं आणि माणूस कोसळला तर जबाबदार कोण? जाहिरातवाला तर नक्कीच नाही.

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर येऊन शंभरी उलटली. महाराष्ट्रानं त्यातून पहिल्या प्याल्याची भीती तेवढी उचलली. सुधाकर मध्येच दारू सोडायचं ठरवतो, पुन्हा उभं राहण्यासाठी जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो आणि अपमान गिळून परततो, मग पुन्हा प्यालाच जवळ करतो, हे मात्र कुणी आठवत नाही. निर्धार त्याच्याकडे होता. कमी पडली ती त्याला दारात उभं करणारी माणसं. गडकऱ्यांना 1919 च्या आत जे दिसलं होतं ते आजच्या व्याख्यात्यांना दिसू नये?

सर्वांत वजनदार समजला जाणारा आक्षेप असा, की आजार म्हटलं की जबाबदारी संपली. बेवड्याला सबबच मिळाली. मधुमेह हा आजार आहे म्हणून कुणी जिलेबीची सबब मागत नाही. उलट निदान झालं की गोळी, पथ्य, तपासणी यांची जबाबदारी सुरू होते. 2000 साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात थॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी ही तुलना मांडली: उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे घसरणाऱ्यांचं प्रमाण 40 ते 60 टक्के, तर रक्तदाब आणि दम्याच्या रोग्यांत त्रास पुन्हा उलटण्याचं प्रमाण 50 ते 70 टक्के. रक्तदाब पुन्हा वाढला तर डॉक्टर गोळी बदलतो. दारू पुन्हा सुरू झाली तर नातेवाईक म्हणतात, ‘पैसे पाण्यात गेले, आता मरू दे.’ गंमत म्हणजे 1935 साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ, जिच्या सभा आज महाराष्ट्रातही भरतात, आपल्या पहिल्याच पायरीवर माणसाकडून कबूल करून घेते की दारूपुढे आपलं काही चालत नाही. आणि ते कबूल केलेली माणसं एकेक दिवस धरून वर्षानुवर्षं कोरडी राहतात. जबाबदारी टाळणाऱ्यांची लक्षणं ही अशी असतात का?

व्हिएतनामचं उदाहरण मनोबलवाले हटकून देतात. 1971 मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांतल्या सुमारे 20 टक्क्यांनी तिथे हेरॉइनचं व्यसन लागल्याचं सांगितलं होतं. ली रॉबिन्स यांना आढळलं की घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम 5 टक्के पुन्हा त्या गुलामीत गेले. ‘पाहा, ठरवलं की सुटतं!’ पण आधी काय घडलं होतं? विमानात बसण्यापूर्वी लघवीची तपासणी होत होती आणि दोषी निघालेल्याला शरीर मोकळं होईस्तोवर थांबवलं जात होतं. आणि मग तो हजारो मैल दूर, जिथे युद्ध नाही, हेरॉइन स्वस्त नाही, अशा गावी उतरत होता. मुकुटबनचा माणूस उपचार घेऊन एसटीतून उतरतो तेव्हा स्टँडसमोरच ओळखीचा ठेला असतो आणि ठेल्यावर ओळखीचे मित्र. त्याला व्हिएतनामच्या सैनिकाची फूटपट्टी लावायची असेल तर आधी त्याचं गाव बदलून द्या.

गाव बदलण्याचा एक सरकारी मार्ग आहे दारूबंदीचा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ती सत्तरच्या दशकापासून आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपूरला 1 एप्रिल 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठवली गेली. बाटली आडवी करणाऱ्या बायकांचं म्हणणं रास्त आहे. दुकान दूर गेलं की पिणं कमी होतं, आणि हेदेखील मनोबलाच्या सिद्धांताविरुद्धच जातं. पण दुकान बंद होताना रोज पिणाऱ्याच्या शरीराची काय सोय, हा प्रश्न बंदीवाले आणि विरोधक दोघेही सोडून देतात. 2020 च्या टाळेबंदीत केरळमध्ये दुकानं एकदम बंद झाली, पाठोपाठ आत्महत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टर संतापले, उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. डॉक्टरांचं बरोबर होतं, चिठ्ठीवर दारू नव्हे, गोळ्या लिहायच्या असतात. वर्षभरानं महाराष्ट्रात पुन्हा दुकानं बंद झाली. त्या वेळी ना चिठ्ठीची चर्चा झाली ना गोळ्यांची. वणीत सात माणसं गेली.

पुण्यात अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण सुरू केलं. तिथे आधी शरीराची उतरण औषधांनी सावरतात, मग काही आठवडे माणसाला त्याच्याच सारख्यांमध्ये ठेवून बोलतं करतात, घरच्यांना शिकवतात आणि तो घरी गेल्यावरही पाठपुरावा करतात. याच क्रमानं माणसं सुटतात हे दाखवणारा हा महाराष्ट्रातलाच जवळपास चार दशकांचा दाखला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. म्हणजे शास्त्र, कायदा आणि अनुभव तिघेही एका बाजूला, आणि पानठेला दुसऱ्या.

‘शेवटी ठरवायचं तर त्यालाच ना?’ हो, त्यालाच. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवायचा हे त्यालाच ठरवायचं आहे. पण पायरी आहे कुठे? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’नं केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेल्या 37 जणांना मिळाला तो उपदेश. मुकुटबनहून यवतमाळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शंभरेक किलोमीटर; रोजी बुडवून, हात कापत असताना, सोबत माणूस घेऊन जायचं. झरी जामणीतल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात उतरणीच्या गोळ्या आणि ब1 ची इंजेक्शनं हवीत, ती द्यायला शिकलेला डॉक्टर हवा, फिट आलेल्याला भगताच्या आधी दवाखान्यात नेणारी आशाताई हवी, आठवड्यातून एकदा सुटलेल्यांची बैठक भरवायला ग्रामपंचायतीची एक खोली हवी. यातलं काहीच न देता ‘मनावर घे’ म्हणणाऱ्यांनी स्वतः अजून काहीच मनावर घेतलेलं नाही.